तापमान वाढवण्याचा हुकूम

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालपासून मी मुख्य कचेरीत उत्पादन-प्रमुख झालो. तुमच्या कारखान्यातून अमोनिया फार सावकाश येतो, अशी संचालकांची तक्रार. पहिल्याच बैठकीत मी तोडगा काढला: रिॲक्टरचं तापमान वाढवा. चहासुद्धा मोठ्या आचेवर लवकर होतो! सगळ्यांनी माना डोलावल्या. तू तिथली रसायनतज्ज्ञ, तेव्हा मोडता घालू नकोस.

साहेब झालो तरी भाऊच समजावं.
ढब्बू

८ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

अभिनंदन. आता कान इकडे कर. नायट्रोजन आणि हायड्रोजनचा अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. झालेला अमोनिया पुन्हा फुटतही असतो. होणं आणि फुटणं सारख्याच वेगानं चाललं की समतोल. त्यात तू आणखी आच दिलीस, तर तो समतोल मागे सरकतो आणि अमोनिया कमी उरतो. वाढवायचाच तर दाब वाढव. चार रेणूंचे दोन होतात, दाटीत तेच सोयीचं. तयार अमोनिया काढत राहा, म्हणजे मागून नवा होईल. उत्प्रेरक तेवढा समतोलाला लवकर पोचवतो, कुठे पोचायचं ते ठरवत नाही. नुसती घाई. अगदी तुझ्यासारखा.

माया आहेच, अक्कल तू आण.
ताई

२ मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद देते, पण हात जड झालाय.

मला उत्तर न देता तू परस्पर फोरमनला फोन केलास. मी शेजारी उभी राहून नको नको म्हणत होते; पण हुकूम वरचा. अमोनिया निम्म्यावर आला, शिवाय उत्प्रेरक भाजून निघाला. आणि तू संचालकांना काय सांगितलंस? फोरमननं मनानंच केलं! त्याला घरी बसवलं. काल त्याची बायको माझ्या दारात आली, उभी राहिली आणि गेली.

आज चौकशीत मी तुझं नाव घेतलं. सख्खा भाऊ. तरी घेतलं.

रागाव, पण पत्र टाक.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोरमन कामावर आला, माझी खुर्ची गेली. तुझी भावजयही बोलली ती तुझ्याच बाजूनं. संचालकांनी मला वर्षभर कारखान्यात काम शिकायला धाडलंय, त्याच फोरमनच्या हाताखाली. त्याच्यापुढे कोणत्या तोंडानं उभा राहू, कळत नाही.

माझ्यासाठी खोली बघ, पण तुझ्या घरापासून लांब. दिवसभर तो ओरडेल; संध्याकाळी तू नको.

लोभ उरला असेल तर स्टेशनवर ये.
ढब्बू