कोपर खाली येतंय, अण्णा

प्रिय अण्णा,

इथे दुबईत सकाळचे सहा वाजलेत, अमेरिकेत अजून कालची संध्याकाळ आहे. तुमचा नातू तिथे बेसबॉलच्या मॅचमध्ये पिचिंग करतोय, मी लॅपटॉपवर बघतेय, हे फुजैराला ड्यूटीवर आहेत आणि मला बोलायला कोणी नाही. म्हणून तुम्ही गेल्यावरही तुम्हालाच लिहितेय.

ओंकार अजून मायनर लीगमध्येच आहे, मोठ्या लीगच्या एक पायरी खाली. तिथल्या होतकरू पोरांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. तुम्ही म्हणायचात, ‘उमेदवार’. सकाळी चहाआधी विचारायचात, ‘आपल्या उमेदवाराने किती उडवले?’ आज वरच्या टीमचा माणूस त्याला बघायला आलाय. आवडला तर वर घेतील, नाहीतर हे वर्ष शेवटचं.

पण अण्णा, त्याचं कोपर खाली येतंय. चेंडू सोडताना ते खांद्याच्या रेषेत हवं, आणि तिसऱ्या इनिंगपासून उतरत चाललंय. कॉमेंटेटरला दिसत नाही, मला दिसतंय. कशाला शिकवलंत हे मला? अल ऐनला शुक्रवारच्या क्रिकेट मॅचेसना अंपायर म्हणून उभे राहायचात आणि परतताना गाडीत सांगायचात, ‘चेंडू सगळेच बघतात. तू कोपर बघ.’

सख्ख्या नातवालाच नो-बॉल दिलात. सगळ्यांसमोर म्हणालात, ‘फेकतोय हा.’ मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते. मग तो बेसबॉलकडे वळला, कारण तिथे फेकायचंच असतं! आणि त्याच्या सगळ्यात जास्त मॅचेस तुम्हीच बघितल्यात.

काल फोनवर विचारलं, दुखतंय का? ‘आई, आय अ‍ॅम फाइन. स्टॉप वरीइंग.’ हेही फेकणंच होतं. तुम्ही लगेच पकडलं असतंत. कोपराचं एक ऑपरेशन झालंय, पुन्हा काही झालं तर हात कायमचा गेला.

आत्ता यांना फोन करून म्हटलं, कोचला मेसेज करते.

‘वेडी आहेस का? करिअर खलास होईल त्याचं. एकच इनिंग राहिलीय, इन्शाल्ला निघून जाईल.’

मेसेज लिहून ठेवलाय. पाठवू का? नातू आहे म्हणून तुमचा हात काही खाली राहिला नव्हता.

पाठवला.

मेसेजवर अजून एकच टिक होती, तेवढ्यात ओंकारनेच खेळ थांबवला. कोचला बोलावलं, कोपराकडे बोट दाखवलं आणि मान खाली घालून बाहेर गेला. मी उभीच राहिले.

नंतर त्याचा फोन आला. ‘आई, आय टोल्ड देम.’ मग म्हणाला, ‘आजोबा वुड हॅव कॉल्ड इट अर्लियर, राइट?’ खूप रडले, अण्णा. त्याच्यासाठी की तुमच्यासाठी, कळलं नाही.

आता कदाचित तो कायमचाच परत येईल. विमानतळावर त्याला ‘पुढे काय?’ असं मी विचारणार नाही, यांनाही विचारू देणार नाही. निदान त्याचं पोटभर जेवण होईपर्यंत तरी नाही. एवढा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
मीनू