सखूची होणारी सवत

खामगाव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, संध्याकाळ

आज सखूचं तिसरं लेकरूही मेलेलंच जन्मलं. इतकी वर्षं या दवाखान्यात नर्स आहे, पण त्या इवल्या तळहातांची सोललेली कातडी डोळ्यांपुढून हलत नाही. डॉक्टरांनी पाहताच ओळखलं. गरमी, म्हणजे उपदंशाचा गुप्तरोग. नवऱ्याकडून तिला, तिच्याकडून पोटातल्या लेकराला.

नवरा गणपत कापसाच्या जिनात कामाला आहे. त्याला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "लग्नाआधी एक घाव झालता बाई. आपोआप मिटला. मले वाटलं, गेलं." गेलं कुठलं! दोघंही सुया टोचून घ्या, म्हटलं. "मायले कळन," म्हणत तो दाराकडे सरकला.

बाहेर त्याची आई सांगत होती, "सुनेचं पोटच खराब हाय. म्या वडनेरची पोरगी पाह्यली, फागुनात लगन." मी गणपतला म्हटलं, हे लग्न मोड, आईला खरं सांग. "मायले कसं सांगू? ते जीव देईन!" मीच सांगायला निघाले, तर डॉक्टरांनी अडवलं. रोग्याची गोष्ट बाहेर न्यायची नाही. बरोबर आहे. पण मग त्या पोरीला कोण सांगणार? पुन्हा ते तळहात आठवले.

सखूला मात्र तिचा आजार सांगितला. ती रडली नाही. "म्हंजे माह्यात खोट नव्हती," एवढंच म्हणाली. मग माझा हात धरला. "बाई, त्या वडनेरच्या पोरीचं लेकरू तं जगन ना?"

मला खोटंसुद्धा बोलता आलं नाही.