मुंगीची सही

३ नोव्हेंबर, सोमवार

या वर्षी नाही म्हणजे नाही! मार्चमधली शेवटच्या दिवसाची धावपळ, दंड, वर वन्संचे टोमणे — पुरे झालं. क्लिनिकमध्ये कंत्राटावर असलेल्या तिघांचे कराचे कागद, त्यासोबतचे कंत्राटाचे फॉर्म आत्ताच करून टाकणार. दुपारी पेशंटच्या खाटेवरच फायली मांडल्या. मसाजवाल्या काकांनी उभ्याउभ्या सही केली. डाएटवाल्या बाईंनीही. मुंगी म्हणाली, "घरी वाचून देते."

वाचून? सहा वर्षं न बघता सही करत आली आहे! दरवेळी घाईच असायची म्हणा. माझी सगळ्यात चांगली फिजिओथेरपिस्ट. कधी बसलेली दिसत नाही, म्हणून मुंगी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुंगीचा फॉर्म अजून आलेला नाही. चार पानं आहेत, कादंबरी नाही!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज वैतागून बोलले — तुझ्या एकटीपायी सगळं अडलंय. तर फॉर्मवर बोट ठेवून विचारते, "ताई, यात लिहिलंय की कामाची वेळ माझी मी ठरवायची. दुसरीकडेही काम करता येतं. खरं का हे?"

"छापील असतं गं ते. सही कर."

मान डोलावून ती गुडघेदुखीवाल्या आजोबांकडे गेली. सही नाहीच. डोकं उठलं माझं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वन्संकडे गेले. नवऱ्याची थोरली बहीण, कर सल्लागार. माझ्याकडून फी घेत नाहीत, पण बोलून वसूल करतात. गाऱ्हाणं सांगितलं तर उलटतपासणी माझीच! तिची वेळ कोण ठरवतं? — मी. साडेआठ म्हणजे साडेआठ. टीशर्ट? — क्लिनिकचा. दुसरीकडे जाते? — एका मोठ्या हॉस्पिटलनं बोलावलं होतं, मी नाही म्हटलं. रजा? — कंत्राटी माणसाला कसली रजा?

वन्संनी चष्मा काढला. "अगं, मग ती कंत्राटी कसली? पगारी माणूस आहे ती तुझी. तसं पत्र दे, रजा दे. नाहीतर मोकळी सोड."

एवढा राग आला की चहा तसाच ठेवून उठले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुंगीच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस आली नव्हती. अकरा दिवसांचे पैसे मी कापले. बाराव्या दिवशी बरोबर साडेआठला हजर. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आज लाज वाटते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नेमणुकीचं पत्र केलं. पगार, रजा, सगळं. मजकूर वन्संनी सांगितला, तोही एकही टोमणा न मारता. मुंगी गेली तर हे क्लिनिक महिनाभरही चालायचं नाही. हे तिला मी कधी सांगितलेलंच नाही. उद्या सांगते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साडेआठपासून पत्र घेऊन दारात उभी. ती अकराला आली. अंगात क्लिनिकचा टीशर्ट नव्हता. फॉर्म माझ्या हातात दिला — सही केलेला.

"नीट वाचला, ताई. सकाळी त्या हॉस्पिटलात जाऊन आले. तुमच्याकडे दर मंगळवारी येईन, अकरा ते एक."

मी पत्र पुढे केलं. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "आता नको, ताई."

मग तिनं अकराच्या पेशंटला आत बोलावलं.