मुद्दाम मोडलेल्या करंज्या

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता काहीही सांगितलं तरी तुमची शुगर वाढायची भीती नाही, म्हणून सांगतो. दिवाळीनंतरच्या रविवारी तुम्ही जे लाडू चाखण्याच्या नावाखाली फस्त करत होतात, त्यांत साखर नव्हती.

राग मानू नका, आधी सगळं ऐकून घ्या. तुम्हाला शुगर निघाली त्या दिवाळीत आईने फराळाचे डबे लोखंडी कपाटात घातले आणि किल्ली कमरेला खोचली. दोन दिवस तुम्ही तोंड पाडून बसलात. तिसऱ्या दिवशी तुम्हाला एकाएकी अन्न वाया जाण्याचं दुःख अनावर झालं. जन्मात कधी चहाचं आधण न ठेवलेला माणूस, वणीच्या खाणीवर कोळशाचे ट्रक वजनकाट्यावर मोजणारा, तो स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला की पाहुणेरावळे झाले, आता उरल्यासुरल्याचं मी पाहतो. आईने वाद न घालता उरलेल्याचा डबा काढून दिला. तिने वाद घातला नाही याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

तेव्हापासून तो रविवार तुमचा. कमरेला टॉवेल गुंडाळून तुम्ही गॅससमोर उभे आहात, मऊ पडलेला चिवडा बेसनात कालवून त्याचे वडे तळताहात, चकलीचे तुकडे तर्रीदार रश्शात टाकताहात. मी एकदा मोडकी चकली कोंबड्यांपुढे टाकली, तर अन्नाच्या किमतीवर तुम्ही असं व्याख्यान दिलंत की कोंबड्यासुद्धा खायच्या थांबल्या. पण वडे आणि रस्सा आम्हाला गप्प बसवण्यापुरते. तुमचा जीव खलबत्त्यात. मोडक्या करंज्या आणि शंकरपाळे तुपावर परतायचे, कुटायचे, त्यांचे लाडू वळायचे, आणि वळताना चव पाहायची. ती इतक्यांदा पाहायची की परात निम्मी रिकामी व्हायची. आई दारातून विचारायची की किती चाखता, तर तुमचं उत्तर ठरलेलं, "चाखल्याबिगर अंदाज कसा येईन?" मग मिशा पुसत दर वर्षी तेच वाक्य, "यंदा जराक जास्तच गोड झाले."

गेल्या वर्षी मलाही शुगर निघाली. लोकांना बापाकडून शेत मिळतं, मला हे मिळालं. बायकोने डबे त्याच कपाटात घातले, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि तिसऱ्या दिवशी मलाही अन्न वाया जाण्याचं दुःख झालं. आई म्हणाली, बापावर गेला. मला ते कौतुक वाटलं. त्या वर्षी मात्र डब्यात उरला होता नुसता चिवडा.

यंदा दिवाळीनंतरच्या शनिवारी भरदुपारी लाइन गेली, म्हणून मी मोटार वाइंडिंगचं दुकान बंद करून मागच्या दाराने घरी आलो. स्वयंपाकघरात आई आणि तुमची सून वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या. समोर ताज्या तळलेल्या करंज्या, आणि दोघी मिळून त्या मोडत होत्या. मी दाराआड थांबलो.

आई सुनेला शिकवत होती, "असा भुगा नको करू वं. डब्यात दबून मोडल्यावानी दिसलं पाह्यजे."

सुनेने हसत विचारलं की मामाजींना कधीच कळलं नाही का. आई म्हणाली, आखरीलोक नाही, डोळे मिटेपर्यंत नाही. खरा फराळ ती पाहुण्यांत आणि मोहल्ल्यात वाटून मोकळी होत असे, आणि तुमच्यासाठी निराळा घाणा काढत असे. भाजलेला रवा, खोबरं, वेलची-जायफळ, आणि नावापुरती खारकेची पूड. शंकरपाळेही नुसत्या दुधात भिजवलेले.

बाबा, मला तुमच्या वतीने फार राग आला. ज्याच्या काट्यावरून कोळशाचं एक ढेकूळ जास्त सुटलं नाही, त्याला घरच्या माणसाने इतकी वर्षं असं मापात मारावं? आणि रागापेक्षा वाईट वाटलं. वर्षातून एक दिवस तुम्ही राजासारखे चोरी करायचात, आणि त्या चोरीतही काही हाती लागत नव्हतं. संध्याकाळभर मी दोघींशी धड बोललो नाही.

तरी रविवारी टॉवेल गुंडाळलाच. परतलं, कुटलं, एक लाडू वळून तोंडात घातला. वेलचीचा वास लावलेला भुसा. मान वर केली तर दारात आई उभी. गुडघे धरलेले, तरी दोन दिवस शेगडीपुढे उभी राहिलेली, आणि शाळेतलं पोर निकालाकडे पाहतं तशी माझ्या तोंडाकडे पाहत होती. तोंडातून आपोआप निघालं, "यंदा जराक जास्तच गोड झाले."

सुनेने हसू लपवायला मान खाली घातली. आई हसली नाही. ती आत आली, माझ्या हातातला दुसरा लाडू मोडून तिने तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"भुसाच हाये हा," ती म्हणाली. बोटांचा चुरा झटकून म्हणाली, "मंग तुहे बाबा दरसाली गोड कायले म्हणत?"

"गोड होते म्हणून," मी म्हणालो.

तिने बाजूची रिकामी परात उचलली आणि नळाखाली धरली. परात स्वच्छ झाली तरी ती घासतच राहिली. मला तिच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं, पण मी नुसताच लाडू वळत बसलो.

तुम्हाला ठाऊक होतं ना, बाबा? काट्यावरचा माणूस, जिभेचं वजन कसं चुकेल? तुम्ही उत्तर देणार नाही, आणि हे पत्र ठेवण्यासारखं नाही. या घरात लपवलेलं सगळं आईला सापडतं, म्हणून फाडून टाकतो. पण एक कबूल करतो. काल दुकानाशेजारच्याने त्याला मुलगा झाला म्हणून गरम जिलेबी पुढे केली, घरचं कोणी पाहत नव्हतं, आणि मी नको म्हणालो. घरी डब्यात भुशाचे दोन लाडू उरले होते.