पांढऱ्या सुरईवरचा सुजीत

मी, गुणवंत शिवराम कुंभार, वय एकोणपन्नास, मूळ गाव आजऱ्याजवळचे, राहणार अल नहदा, शारजा, जोतिबाला स्मरून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. प्रकृती बरी आहे. डोके ठिकाणावर आहे. पत्नी ममता हिचे मत वेगळे आहे, पण ते इथे विचारलेले नाही.

१. गावचे घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी ममताला.

२. माझे ब्रश मुलगा अंकुर याला. "बाबा, आय डोन्ट पेंट," असे तो म्हणतो. तरीही द्यावेत.

३. आमच्या कारखान्यात हॉटेलांसाठी जुन्या ग्रीक सुरयांच्या नकला होतात. ते लोक मयतापाशी तेलाची पांढरी सुरई ठेवत आणि तिच्यावर मेलेला माणूस स्वतःच्याच थडग्यावर निवांत बसलेला रंगवत. काही सुरयांत आत चिमुकली वाटी असे. दोन चमचे तेलात सुरई काठोकाठ दिसे. देवाधर्मात काटकसर करणारे तिथेही होते, हे वाचून बरे वाटले.

भट्टीत वाकडी झालेली अशीच एक वाटीवाली सुरई मी घरी आणून रंगवली. थडग्यावर मी, समोर तेल घेऊन ममता. ती म्हणाली, "अहो, मी कुंकू लावून हिंडतेय आणि तुम्ही मला आत्ताच पांढऱ्या कपाळाची केलीत?" मी तिच्या कपाळावर कुंकू रंगवले. मग मेले कोण, हा प्रश्न उरला. दीर गेला तर कुंकू राहते, म्हणून थडग्यावरच्या माणसाला धाकटा भाऊ सुजीत याच्या मिशा दिल्या.

यात राग होता, हे नाकारत नाही. वडिलांचे मडकी घडवायचे चाक सुजीतने एका रिसॉर्टला दिले. त्यावर काच टाकून लोक सूप पितात.

तो सध्या व्हिजिटवर आमच्याकडे आहे. सुरई बघून त्याचे डोळे भरले. "दादा, तू मला विसरला नाहीस," म्हणाला आणि फोटो व्हॉट्सॅपला लावला. आता सुरई मागतो.

४. चाक गावच्या घरी परत आले, तर सुरई सुजीतची. न आल्यास माझ्या दहनाला पाण्याचे मडके म्हणून अंकुरने हीच खांद्यावर घ्यावी आणि फोडावी. वाटीत पाणी थोडेच मावते, तेव्हा फेऱ्या भराभर माराव्यात. वडील म्हणत, कुंभाराने फुटण्याचे दुःख करू नये. चाकाबद्दल ते असे कधी म्हणाले नाहीत.

शारजा, १४ फेब्रुवारी २०२५
सही: गुणवंत शिवराम कुंभार

साक्षीदार:
१. इद्रीस, कारखान्यातले सहकारी. (ब्रश मला चालले असते.)
२. सुजीत शिवराम कुंभार. (रिसॉर्टवाल्याला फोन केला. सूप संपले की चाक देतो म्हणाला. सुरई फोडू नये. दादा, डावी मिशी जरा वर घे.)