शेजारणीची साक्ष

माधवनगर,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मुबश्शिरा,

अस्सलामु अलैकुम. इकडे सगळे बरे आहेत. अम्मीचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, पण जिना चढायचं ती सोडत नाही. तुझ्या अम्मीला, माझ्या खालाला, सलाम सांग. अजमलमामू उद्या साताऱ्याला येताहेत, त्यांच्या हाती ड्रेसच्या कापडात घालून हे पत्र पाठवतेय. फोनच केला असता, पण तू आवाजावरून सगळं ओळखतेस.

शाहनवाज कसा आहे, असं विचारलंस. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आमच्या दारासमोर, म्हणून माझ्या शब्दावर तू त्याच्या मागणीला रविवारी होकार की नकार ते सांगणार. बीएडचं एक वर्ष राहिलंय, लग्नानंतर ते पुरं करू देतील का या भीतीनं नाहीच म्हणावंसं वाटतंय, असंही लिहिलंस.

तर ऐक. तो फार हसतो. गिऱ्हाईक बाई असली की जास्तच. जेवायला कधी वेळेवर घरी जात नाही. पलीकडच्या बनुबाई म्हणाल्या, "पोरगं गुणाचं हाय, पर आईच्या शब्दाभाईर न्हाई." म्हणजे तुझं शिक्षण संपलंच समज. शिवाय त्याला राग लवकर येतो, असं ऐकलंय.

एवढं लिहून चहा प्यायले. परत वाचलं आणि माझं मलाच हसू आलं.

आपण मोबाईलवर तो चोर पकडायचा खेळ खेळतो, त्यातले साक्षीदार खरे की खोटे हे नेहमी मी ओळखते. तू त्यांच्या रडण्याला भुलतेस. मी बघते, यानं स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं, आणि दुसरा अडकला तर याचा फायदा काय. मागच्या डावात ती मोलकरीण माळ्याबद्दल न विचारता भरभरून सांगत होती. तू तिला खरी धरलंस. माळ्यानं तिला सोडून दुसरीशी लग्न ठरवलं होतं, हे मी शोधून काढलं.

आता माझी वरची साक्ष तपास. त्याचा राग मी कधी पाहिलेला नाही. कोणाकडून ऐकलं म्हणशील तर नाव सांगता येणार नाही. बनुबाईंचं बोलणंही अर्धंच लिहिलंय. पुढे त्या म्हणाल्या होत्या, "आन् आई लय भली बाई हाय."

जळते मी तुझ्यावर. अम्मीचं मशीन बिघडलं तेव्हा तो दुरुस्तीला घरी यायचा. एका खेपेचं काम, पण येतच राहिला. मी हिरवा ड्रेस घालायचे, चहात वेलदोडा टाकायचे. तो विचारायचा, ईदला आलेली तुमची साताऱ्याची बहीण काय शिकते, तिला काय आवडतं. मला वाटलं, माझ्याशी बोलायला विषय शोधतोय. सगळी उत्तरं हौसेनं दिली. एवढी हुशार गुप्तहेर मी!

आणि तू काय केलंस? काहीच नाही. ईदला दुपारभर आलीस, शिरखुर्मा खाल्लास आणि गेलीस. त्याचाच राग जास्त येतो.

तुमच्याकडे मागणी गेल्यावर तो एकदाच आला. उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "तुमच्या बहिणीला सांगा, शिकायचं असंल तितकं शिकू दे. आईशी बोललोय मी. घरात कोण आडवं येणार न्हाई."

हा निरोप तुझा होता आणि मी तो गिळून बसले. तुझा नकार जावा असं वाटत होतं. अजूनही वाटतंय, म्हणूनच फाडायच्या आत हे पत्र मामूंकडे देऊन टाकते.

रविवारी हो म्हण. लग्नाला मी येईन, कामंही करीन. मेंदी मात्र दुसऱ्या कोणाकडून काढून घे. तुझ्या हातावर त्याचं नाव लिहिणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

तुझी जळकुटी बहीण,
फिरदोस