विंगेतून दिलेलं वाक्य

बाबा, कालपासून मी एकाच म्हातारीचा चेहरा लॅपटॉपवर मागे-पुढे करत बसले आहे, आणि राग मात्र तुमचा येतो आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण शहाण्यांचं मी कधी ऐकलं आहे? चंद्रपूरच्या ह्या लॉजवर कूलर घरघरतो, मी खिडकी उघडते, कोळशाची धूळ आली की लावते, चहा मागवते आणि तो गार होऊन जातो. उद्या फिल्म पाठवायची आहे. जर्मनीतल्या चॅनेलची एकच अट आहे: म्हातारी जिथे गप्प बसते तिथे माझ्या आवाजात दोन वाक्यं टाकायची, नाहीतर ते फिल्म दाखवणार नाहीत. वाक्य द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न. तो तुम्हाला सोडून कुणाला विचारू? तुम्ही जन्मभर दुसरं केलं काय?

दिवसा तुम्ही पॉवर हाउसमध्ये कोळशाच्या कामावर, पण खरे तुम्ही दिवाळीनंतरचे. गावोगावच्या मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस आले की रजा टाकून झाडीपट्टीच्या नाटकांना प्रॉम्प्टर म्हणून निघायचात. नटांच्या तालमी नावापुरत्या, अख्खं नाटक विंगेतून तुमच्या कुजबुजीवर चालायचं. त्याआधी ऊर्जानगरच्या क्वार्टरमधलं आमचं स्वयंपाकघर ही तुमची तालमीची जागा. आई तव्यावर पोळी टाकते आहे, तुम्ही पाटावर बसून नायिका, खलनायक आणि नायिकेचा आंधळा बाप असे तिघंही एकाच आवाजात वाचता आहात. आई म्हणायची, या घरात साऱ्यांना वाक्यं मिळतात, मलाच तेवढं कुणी देत नाही. तुम्ही हसायचात आणि पुढचं पान उलटायचात.

एकदा मला सोबत नेलंत. नाटक मला पाठच होतं. नायक बोलता बोलता थांबला आणि मी तुमच्या आधी त्याचं वाक्य मोठ्यानं बोलून टाकलं. तुम्ही माझं मनगट असं दाबलंत की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. परतताना एसटीत म्हणालात, "थांबला म्हंजे इसरला असं नाई, पोरी. त्याचे डोळे पाह्य. मांगत असन तरच द्याचं." मला ते पटलं नव्हतं. मला वाटलं, माझं पाठांतर बघून तुम्हाला पोटात दुखलं.

मग मी हॅम्बर्गला फिल्म शिकायला गेले ती तिथलीच झाले. सुरुवातीला तिथली भाषा येत नव्हती. बंदरावर मासे साफ करणाऱ्या बायांमध्ये काम करायची, त्याही कुठून कुठून आलेल्या, त्यांचीही तीच गत. त्यांच्यावरच पहिली फिल्म केली. भाषाच नव्हती म्हणून फिल्ममध्ये कुणी फारसं बोललंच नाही, आणि परीक्षकांनी लिहिलं, काव्यमय शांतता. पुढे लॉन्ड्रीतल्या म्हाताऱ्यांवर केली, बसगाड्या धुणाऱ्यांवर केली, आणि ती शांतता माझ्या नावाला चिकटली ती चिकटलीच. मुलाखतीत विचारतात, ही शांतता कुठून आली? मी सांगते, आमच्याकडच्या जंगलातून. वाघाचं नाव घेतलं की अजून खूश होतात. तुमच्या कुजबुजीला कंटाळून मी शांतता शोधत होते, हे सांगितलं तर कोण ऐकणार?

ती पहिली फिल्म चंद्रपूरच्या एका हॉलमध्ये दाखवली तेव्हा तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होतात. घानाहून आलेली एक बाई मासा कापता कापता थांबते आणि खिडकीकडे बघत राहते. माझा सगळ्यात लाडका शॉट. हॉल अगदी चिडीचूप, आणि तेवढ्यात तुमचा तो विंगेतला आवाज आला: "मले घरी जाचं हाये." लोक खो खो हसले. मला धरणी दुभंगावी असं झालं. ऑटोत मी म्हटलं, ती बाई असं एकदाही बोलली नाही, तुम्ही तिच्या तोंडी सवंग नाटक घातलंत.  तुम्ही म्हणालात, "मले त तसंच वाटलं बा. कोनीतरी मांगून राह्यलं होतं."  मी तशाच रागात सुट्टी संपवून परत गेले, आणि पुढच्या फिल्मच्या आधीच तुम्ही गेलात.

आता ही म्हातारी. भद्रावतीकडे एक गाव कोळशाच्या खाणीत जातं आहे, निम्मी घरं रिकामी झाली आहेत. ही आपल्या अंगणात बसली होती, मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो तसाच. मी विचारलं, आता काय वाटतं? ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. कोंबडी आली, गेली. सावली तिच्या पायावरून सरकली. आणि शांततेसाठी बक्षिसं घेतलेली मी, कॅमेऱ्यामागून हळूच कुजबुजले, "म्हणा, मला इथून जायचं नाही." ती माझ्याकडे अशी पाहू लागली की मला तुमची मनगटावरची पकड आठवली. म्हणाली, "तुलेच बोलाचं हाये त तूच बोल ना. मले कायले बसवून ठेवलं?" आणि ती पुन्हा गप्प झाली. चॅनेलवाल्यांना हे सगळं काढून तिथे माझं गोड निवेदन हवं आहे.

तर मी ठरवलं आहे. काही काढायचं नाही आणि काही घालायचं नाही. माझी आगाऊ कुजबुज राहील, तिचं उत्तर राहील, नंतरची तिची शांतता पुरी राहील. चॅनेल नको म्हणेल तर म्हणो. ह्या वयात नव्यानं दारं ठोठावायची भीती वाटते, पण तिचे डोळे काही मागत नव्हते, बाबा. मी शंभरदा बघितले.

घानाच्या त्या बाईचेही मागत नव्हते. तिथे तुम्ही चुकलात, आणि हे मी अजूनही भांडून सांगेन. पण कुणीतरी मागत होतं म्हणालात, ते कोण, हे मला आज दुपारी कळलं. बसनं ऊर्जानगरला गेले होते. आपल्या क्वार्टरसमोर उभी राहिले. स्वयंपाकघरातून दुसऱ्याच कुणाच्या फोडणीचा वास येत होता. आतली बाई हात पुसत बाहेर आली आणि तिनं विचारलं, "कोन पाह्यजे जी?"

 हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. मी फाटकाला धरून थांबले होते, तुम्ही वाक्य द्याल म्हणून.